गाव कंचं म्हणायचं?

एकाच शेडखाली आठ-आठ तास काढायचे, एकाच टपरीवर कटिंग मारायचं आणि एकमेकांबद्दल माहिती काय, तर फक्त टोकन नंबर! कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत शेजारी शेजारी उभी असलेली माणसं एकमेकांची कधी होतात? एकमेकांची गोष्ट ऐकतात तेव्हा!

एक छोटीशी टेस्ट घ्या. ऑफिसात किंवा शॉप फ्लोअरवर तुमच्या उजव्या हाताला जो असतो, त्याच्याबद्दल तीन गोष्टी सांगा. अट एकच. कामाबद्दलची एकही नको.

मोबाइल कोणता वापरतो, ते सांगाल. बाइक कोणती, तेही सांगाल. पण त्याच्या घरात पहिली नोकरी कुणी केली? लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत तो काय करायचा? इथं येण्याआधी कुठं होता, आणि तिथून का निघाला? आठवत नाही ना? अहो, आठवणार कसं, विचारलंच नाही कधी!

आमच्या कोल्हापुरात खरं तर ही सवय जुनी. एसटीत शेजारी बसलेला माणूस कंडक्टर यायच्या आत विचारतो, "गाव कंचं म्हणायचं आपलं?" मग निपाणी येईपर्यंत उसाचा दर, थोरल्या पोरीचं लग्न आणि गुडघ्याचं दुखणं, सगळं ऐकून होतं. पण तोच माणूस कंपनीच्या गेटवर कार्ड पंच करतो आणि एकदम गप्प होतो. आत शिरलं की आपण 'सीएनसीवाला', 'पेंट शॉपचा', 'कॉन्ट्रॅक्टचा' किंवा नुसतंच 'ते एचआरवाले'. माणूस बाहेरच राहतो, पार्किंगमध्ये!

फाइव्ह स्टार, पण हॉटेल नव्हे!

मी इथल्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. 'फाइव्ह स्टारला असतो' असं सांगितलं की पुण्या-मुंबईचे नातेवाईक आधी विचारतात, "कोणतं हॉटेल?" तर मंडळी, ही पंचतारांकित औद्योगिक वसाहत. पुणे-बेंगळुरू हायवेवर लक्ष्मी टेकडीशी वळलं की सुरू होते आणि कागल व हातकणंगले अशा दोन तालुक्यांत पसरते. किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचा प्लांट इथं आहे, उंची शर्टिंगचं कापड विणणाऱ्या गिरण्या आहेत, फौंड्र्या आहेत, मशीन शॉप आहेत. भोवती कसबा सांगाव, तळंदगे, चांदीच्या कामासाठी नाव काढलेली हुपरी आणि भंडाऱ्याच्या यात्रेचं पट्टणकोडोली.

सकाळच्या शिफ्टला गेटवर उभं राहून बघा. कोल्हापूरहून कंपनीची बस येते, तिच्यात इस्त्रीचे शर्ट. आजूबाजूच्या गावांतून बाइकवर ट्रिपल सीट पोरं येतात. दूधगंगेपलीकडून, कर्नाटकातून, घरी कन्नड आणि कामावर मराठी बोलणारी मंडळी येतात. आणि भाड्याच्या खोल्यांतून चालत येणारे बिहार, ओडिशा, झारखंड, उत्तर प्रदेशचे कामगार. चार भाषा, चार तऱ्हांचे डबे. जेवणाच्या सुट्टीत टेबलंही चार. इकडं भाकरी-झुणका, तिकडं भात-चोखा. कुणी कुणाशी भांडत नाही, पण कुणी कुणाच्या टेबलावर जातही नाही.

आता यात बिघडलं काय, असं तुम्ही म्हणाल. रोजच्या दिवशी काहीच नाही. बिघडतं ते काहीतरी घडतं त्या दिवशी. स्थानिकांना काम नाही आणि बाहेरच्यांना कसं मिळतं, अशी कुजबुज सुरू होते त्या दिवशी. 'हे लोक असेच' असं वाक्य दोन्ही टेबलांवर एकाच वेळी बोललं जातं त्या दिवशी. ज्याची गोष्ट माहीत नाही त्याच्याविषयी काहीही खरं वाटायला वेळ लागत नाही.

कागलचं एक पोरगं

गंमत म्हणजे अशा गोष्टींचं गाव म्हणून कागलचं नाव अख्ख्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. डॉ. आनंद यादव कागलचे. १९३५ चा जन्म. त्यांचं 'झोंबी' १९८७ मध्ये आलं आणि १९९० चा साहित्य अकादमी पुरस्कार घेऊन गेलं. पुढं 'नांगरणी', 'घरभिंती', 'काचवेल' असे त्याच आयुष्याचे पुढचे भाग आले. ज्यांनी पुस्तकं वाचली नाहीत त्यांनीही २०१० मध्ये आलेला 'नटरंग' पाहिला असेल. तोही यादवांच्याच कादंबरीवरचा.

'झोंबी'ची गोष्ट एका ओळीत सांगायची तर एका पोराला शाळेत जायचंय आणि बाप जाऊ देत नाही. घरात खाणारी तोंडं भरपूर, शेत दुसऱ्याचं, आणि पोरगं म्हणजे फुकटचा गडी. मग आई आणि मुलगा गुपचूप गावातल्या वजनदार माणसाकडं, दत्ताजीराव देसायांकडं जातात आणि तिथून बापाला बोलावणं धाडतात. बाप तयार होतो, पण अटींवर. सकाळी अकरापर्यंत शेतात राबायचं, मग शाळा, शाळा सुटली की पुन्हा गुरांमागं. वर्गात पोरं टिंगल करतात. पण सौंदलगेकर नावाचे मराठीचे मास्तर कविता गाऊन शिकवतात, आणि हे पोरगं पाण्याच्या पाटावर, म्हशींमागं हिंडता हिंडता स्वतःच्या ओळी जुळवायला लागतं. कागद नसला तर दगडावर, नाहीतर थेट म्हशीच्या पाठीवर! तेच पोरगं पुढं पुणे विद्यापीठात मराठीचं प्राध्यापक झालं.

आता खरी मजा ऐका. आमच्याकडं झारखंडहून आलेला एक ट्रेनी होता. वय वीस-एकवीस, स्वभावानं अबोल. एकदा चहाच्या वेळी कुणीतरी सहज म्हणालं, "आमच्या कागलचा एक लेखक होता." पोरगं मान वर करून म्हणालं, "आनंद यादव? जूझ? वो तो हमारी बारहवीं की किताब में था!"

टपरीवर एकदम शांतता. खरंच होतं ते. 'झोंबी'च्या हिंदी अनुवादाचा एक तुकडा 'जूझ' या नावानं एनसीईआरटीच्या बारावीच्या 'वितान' या हिंदी पुस्तकात आहे आणि देशभरच्या पोरांनी त्याच्यावर परीक्षेत उत्तरं लिहिली आहेत. तिकडं झारखंडच्या वर्गात बसून या पोरानं दत्ताजीरावांचं स्वभावचित्र रंगवलं होतं, आणि आमच्यातल्या निम्म्या कागलकरांनी पुस्तक उघडलंही नव्हतं! "मला वाटलं होतं, ती जागा गोष्टीतलीच असेल," तो हिंदीत म्हणाला. "रोज तिच्यावरूनच ड्यूटीला जातो हे माहीत नव्हतं."

"म्हंजे तू बी आमच्यातलाच की!"

त्या टोळक्यात आमचे एक सुपरवायझर होते. सगळे त्यांना तात्या म्हणतात. तात्यांच्या घरची जमीन या वसाहतीतच गेली. मोबदला मिळाला, त्यातनं घर झालं, बहिणीचं लग्न झालं, आणि पैसा संपला. मग जिथं आजोबांचं शेत होतं त्या बाजूलाच तात्या नोकरीला लागले. बाहेरून आलेल्या पोरांविषयी त्यांचं बोलणं कसं असायचं, ते इथं छापण्यासारखं नाही.

त्या दिवशी तात्यांनी पहिल्यांदा त्या पोराला विचारलं, "आणि तू रं? तू का आलास एवढ्या लांब?"

पोरगं सांगायला लागलं. मोडकं हिंदी, मोडकं मराठी. त्याच्या गावाजवळ कोळशाची खाण आली. बापाची जमीन खाणीत गेली. मोबदला मिळाला, त्यातनं घर झालं, बहिणीचं लग्न झालं, आणि पैसा संपला. खाणीतली नोकरी मिळाली थोरल्या काकाच्या मुलाला. मग याने आयटीआय केलं आणि रेल्वेत बसला.

तात्या बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हंजे तू बी आमच्यातलाच की." आणि दुसऱ्या चहाचे पैसे त्यांनी दिले. (कोल्हापुरात हा करार लेखी करारापेक्षा पक्का!)

यानं काय बदललं? खरं सांगायचं तर मोठं काहीच नाही. तात्यांची जमीन परत आली नाही आणि पोराची ट्रेनीशिप कायम झाली नाही. स्थानिकांना काम मिळावं ही तात्यांची मागणी आजही तीच आहे, आणि तिच्यात चूक काही नाही. पण त्या मागणीतला राग आता त्या पोरावर नव्हता. आणि एक बारीकशी गोष्ट मी क्वालिटीचा माणूस म्हणून टिपली. पुढच्याच महिन्यात एका ग्राइंडरचं गार्ड ढिलं झाल्याचं त्या पोरानं सगळ्यात आधी तात्यांना सांगितलं. आधी तो बोललाच नसता. परक्या माणसाला 'मशीन बिघडलंय' सांगायला कॉन्ट्रॅक्टवरचा पोरगा घाबरतो, कारण बोट आपल्यावरच येईल असं त्याला वाटतं. सेफ्टीचे पोस्टर भिंतीवर डझनभर होते. बोट वाचवलं ते ओळखीनं.

'मी'ची गोष्ट, 'आपली' गोष्ट

एका माणसाची गोष्ट अनेकांना एकत्र कशी आणते, हे मराठी माणसाला वेगळं शिकवायला नको. दया पवारांचं 'बलुतं' १९७८ मध्ये आलं. मग प्र. ई. सोनकांबळ्यांचं 'आठवणींचे पक्षी', लक्ष्मण मान्यांचं 'उपरा', शरणकुमार लिंबाळ्यांचं 'अक्करमाशी', लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या'. एकामागोमाग एक! यातल्या बहुतेकांनी तरुणपणीच लिहिलं. निवृत्त होऊन आरामखुर्चीत बसल्यावर आत्मचरित्र लिहायचं, ही जुनी पद्धतच त्यांनी मोडली.

यात दोन गोष्टी एकदम झाल्या. ज्यांनी तेच भोगलं होतं त्यांना कळलं, अरे, हे फक्त माझ्या घरातलं नव्हतं! जी गोष्ट एकट्याची लाज वाटायची, ती सगळ्यांचा प्रश्न ठरली. आणि ज्यांनी ते भोगलं नव्हतं त्यांना आपल्याच गावाचा दुसरा नकाशा दिसला. तीच वेस, तीच विहीर, पण पलीकडच्या बाजूनं पाहिलेली.

बेबीताई कांबळ्यांचं उदाहरण तर जरूर ऐकावं असं. फलटणला छोटंसं दुकान चालवता चालवता त्या पुडीच्या कागदावरचं वाचायच्या आणि लपवून लिहायच्या. घरच्यांच्या धाकानं ते लिखाण त्यांनी वीसेक वर्षं दडवून ठेवलं. पुढं 'स्त्री' मासिकात ते क्रमशः आलं आणि 'जिणं आमुचं' या नावानं पुस्तक झालं. नावातच बघा, 'माझं' नाही, 'आमुचं'! स्वतःची गोष्ट सांगताना त्या सतत अख्ख्या वस्तीची सांगतात. कम्युनिटी कम्युनिटी म्हणतात ती याहून वेगळी काय असते?

शास्त्रही हेच सांगतं

'हे सगळं भावनिक आहे हो,' म्हणणाऱ्या मंडळींसाठी थोडं शास्त्र. आर्थर ॲरन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९९७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. अनोळखी माणसांच्या जोड्या लावल्या. काहींना हवापाण्याच्या गप्पा मारायला सांगितलं, काहींना ३६ प्रश्नांची यादी दिली. आधी सोपे प्रश्न, मग हळूहळू आतले. वेळ फक्त ४५ मिनिटांचा. दुसऱ्या गटातल्या जोड्यांना एकमेकांविषयी कितीतरी जास्त जवळीक वाटली. किल्ली कुठं होती, तर एकदम खोल उडी न मारण्यात. आणि दोघांनीही सांगण्यात. एकानं सांगायचं आणि दुसऱ्यानं नुसतं ऐकून घ्यायचं, ही झाली चौकशी!

२००३ मध्ये न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनवर 'स्टोरीकॉर्प्स'नं एक छोटी रेकॉर्डिंगची खोली उघडली. ओळखीच्या दोन माणसांनी आत बसून ४० मिनिटं एकमेकांना विचारायचं आणि सांगायचं, बस्स. त्या गप्पा आज अमेरिकेच्या 'लायब्ररी ऑफ काँग्रेस'मध्ये जपल्या जातात. आणि त्याच्याही कितीतरी आधी, १९३५ मध्ये, ओहायोतल्या ॲक्रन गावी एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघंही दारूनं गांजलेले, एकमेकांना आपापली कहाणी सांगत बसले. त्यातून 'अल्कोहोलिक्स अनॉनिमस' उभं राहिलं. तिथं उपदेश करायला कुणी तज्ज्ञ नसतो. ज्याच्यावर बेतलं तोच उभा राहून सांगतो. आपल्याकडं पुण्यात १९८६ मध्ये सुरू झालेल्या 'मुक्तांगण'मध्येही व्यसनातून बाहेर आलेल्या माणसाचं अनुभवकथन हे औषधाइतकंच महत्त्वाचं मानलं जातं.

संकटातही हेच कामाला येतं. २०१९ च्या महापुरात शिरोळकडची गावं पाण्यात होती, शिरोलीजवळ हायवे बंद पडला होता. २०२० च्या लॉकडाउनमध्ये तर खोल्यांतून राहणाऱ्या कामगारांना दुकानही सापडेना. तेव्हा फोन कुणाला गेले? ज्याचं गाव माहीत होतं, ज्याच्या घरी म्हातारी आई एकटी आहे हे कुणीतरी कधीतरी ऐकलं होतं, त्याला. टोकन नंबरला कुणी फोन करत नाही.

पण जरा दमानं, भावा!

आता दुसरी बाजू. एचआरच्या नव्या फॅशनमध्ये 'स्टोरीटेलिंग सेशन' येऊ लागली आहेत. रिसॉर्टवर न्यायचं, गोल बसवायचं आणि म्हणायचं, तुमच्या आयुष्यातला सगळ्यात दुःखाचा प्रसंग सांगा. साहेब समोर बसलेत, अप्रेझल पुढच्या महिन्यात आहे. कोण खरं सांगेल? आणि सांगितलं तर सोमवारी कॅन्टीनमध्ये त्याचं काय होईल? बायकांच्या बाबतीत तर हे दुप्पट जोखमीचं. ज्या बाईनं घरचा त्रास एकीला सांगितला, तो संध्याकाळपर्यंत पूर्ण लाइनला ठाऊक असतो.

आणि एक कडू गोष्ट आपल्या लाडक्या प्रश्नाबद्दलही. 'गाव कंचं?' नंतर 'आडनाव काय?', मग 'पाव्हणं कुणाचं?' हा प्रवास कुठं जातो, हे आपल्या सगळ्यांना पक्कं ठाऊक आहे. ज्या प्रश्नानं माणूस जवळ येतो, त्याच प्रश्नानं त्याला खणात टाकता येतं. म्हणून काहीजण गावही खोटं सांगतात. त्यांना दोष देण्याआधी आपण का विचारतोय, ते स्वतःला विचारावं.

यावर उतारा आपल्याच मातीत आहे. कागलच्या घाटगे घराण्यातून कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेलेले राजर्षी शाहू महाराज. त्यांच्याकडं गंगाराम कांबळे नावाचे नोकर होते. पाण्याला शिवले म्हणून सवर्ण नोकरांनी त्यांना मारलं. गंगारामांनी आपली कहाणी महाराजांना सांगितली. महाराजांनी ऐकून हळहळ व्यक्त केली आणि विषय संपवला, असं झालं नाही. त्यांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली, गंगारामांना कोल्हापुरात चहाचं हॉटेल काढायला मदत केली आणि तिथं गाडी थांबवून स्वतः चहा प्यायले. सोबतच्या मंडळींनाही पाजला! गोष्ट ऐकल्यावर काय करायचं असतं, ते यात आलं. ऐकणाऱ्यानं आपली जागा थोडी सोडायची असते. टेबल बदलायचं असतं.

सांगणारा नेहमीच काहीतरी पणाला लावतो. बेबीताईंनी वीस वर्षं वह्या लपवल्या त्या उगाच नव्हे. तेव्हा आपल्या हाती कुणी गोष्ट दिली, तर ती उधारीच्या वस्तूसारखी जपायची.

चौकट : चहाच्या पंधरा मिनिटांत एवढं करा!

• आधी स्वतःचं सांगा. 'तुझं काय?' विचारण्याआधी 'माझं असं झालं' म्हणा. मग समोरच्याला चौकशीला बसल्यासारखं वाटत नाही.

• सोप्यापासून सुरुवात. पहिला पगार कशावर उडवला? गावात जत्रा कधी असते? आईच्या हातचं काय आठवतं? दुःखाचं आपोआप येतं, खणून काढू नका.

• आडनावावर थांबू नका. गाव विचारा, काम विचारा, छंद विचारा. जात सांगायची की नाही, हे त्याचं त्याला ठरवू द्या.

• भाषा मोडकी असू दे. हिंदी-मराठी-कन्नडची मिसळ चालेल. कोल्हापूरकरांना मिसळीचं वावडं कधीपासून?

• ऐकलं ते पोटात ठेवा. परवानगीशिवाय दुसऱ्याची गोष्ट तिसऱ्याला नाही. व्हॉट्सॲप ग्रुपवर तर मुळीच नाही!

• आठवड्यातून एकदा टेबल बदला. डबा उचला आणि पलीकडं जाऊन बसा. पहिल्या दिवशी सगळे गप्प होतील. दुसऱ्या आठवड्यात कुणीतरी आपल्या डब्यातलं पुढं करेल.

• आणि कागलला असाल तर 'झोंबी' वाचाच. नाहीतर झारखंडचा एखादा ट्रेनी आपल्यालाच आपलं गाव समजावून सांगेल, आणि वर चहाही आपल्यालाच पाजावा लागेल!